तीस जूनचा शिक्का

"साहेब, आज एक तारीख होय जी," वनरक्षक कुमरे म्हणाला. "मोसम काल संपला. आता तीन महिने गेट बंद."

एक तारीख आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आदल्या संध्याकाळपासून मी त्या तारखेच्या नावाने बोटं मोडत होतो. पण खाकी कपड्यातल्या माणसाने सांगितल्यावर ती पक्की झाली, आणि बोरखिंडी राष्ट्रीय उद्यानाच्या लाकडी गेटला हात टेकून मी तिथेच उभा राहिलो. माझ्या बगलेत हिरवी वही होती. वहीत चोवीस शिक्के होते. पंचविसावा शिक्का चौकीच्या खिडकीत शाईच्या डबीशेजारी पडलेला मला दिसत होता.

ह्या वहीची हकिगत आधी सांगतो, नाहीतर दोन म्हातारे एका रबरी शिक्क्यासाठी दीडशे किलोमीटर का आले हे कळायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी आमच्या नागपुरात 'वनमुद्रा मित्रमंडळ' नावाची संस्था होती. निवृत्त माणसांना काहीतरी नाद लागतो. कुणी भजनात जातो, कुणी सकाळी बागेत गोल उभं राहून मोठमोठ्याने हसतो. आम्ही देशभरातली राष्ट्रीय उद्यानं गाठायचो आणि तिथल्या कचेरीचा शिक्का वहीवर मारून आणायचो. नियम कडक होते. ज्या दिवशी आत गेलात त्याच दिवसाचा शिक्का हवा, तारीख स्वच्छ वाचता आली पाहिजे, आणि खाली एका सभासदाची साक्षीदार म्हणून सही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये तर्री-पोहे खाऊन आम्ही एकमेकांच्या वह्या भिंगाखाली तपासायचो. जंगलात काय पाहिलंत, असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. ठसा ठळक उठला का, एवढंच विचारायचे. एकदा तर आमच्या जिप्सीपुढे वाघ आडवा बसला आणि पाऊण तास हलला नाही, तेव्हा आत बसलेली मंडळी नुसती चडफडत होती, कारण कचेरी साडेपाचला बंद व्हायची.

मी स्वतः एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढली, शेवटची नऊ अधीक्षक म्हणून. जन्मभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी ते मारून घ्यायला गावोगाव हिंडलो. माझी बायको कुंदा म्हणायची, ह्यांना स्वर्गाच्या दारात नेऊन सोडा, आत पाऊल टाकणार नाहीत, दारावरच्या कारकुनाला विचारतील शिक्का कुठे मिळतो म्हणून.

मंडळाचा सर्वांत मोठा मान म्हणजे 'वनमुद्राभूषण'. पंचवीस शिक्के आधी पुरे करील त्याला शाल, श्रीफळ, पितळेचा वाघ, आणि हॉलमधल्या फलकावर सोनेरी अक्षरात नाव. त्या वर्षी आम्ही दोघे चोवीसवर होतो. मी आणि प्रभावती कुकडे. बाई शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या, आणि मंडळाची नियमावली त्यांना आरतीसारखी पाठ. मंडळाचं वर्ष तीस जूनला संपायचं. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्या महिनाभर घरात अडकलेल्या. तीस जूनच्या आत गाठलं तर मी, नाहीतर पुढच्या वर्षी बाई मला कुठे ऐकतात.

आता तुम्ही म्हणाल, एका पितळी वाघासाठी एवढं? अहो, छत्तीस वर्षांत मला कुणी कधी हार घातला नाही. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा माझ्याच दिवशी मोठे साहेब निवृत्त झाले, हार सगळे त्यांच्या गळ्यात, आणि माझ्या वाट्याला गुलाबाचं एक फूल आलं, तेही देठाशी मोडलेलं. म्हणून मला तो फलक हवा होता. हपापून हवा होता, खोटं कशाला बोलू.

बोरखिंडी गाठायला मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब हिरुरकर स्वतःची गाडी घेऊन माझ्याबरोबर निघाले. निवृत्त कार्यकारी अभियंता. साक्षीदार म्हणून सही तेच करणार होते. तीस जूनला पहाटे निघून दहाच्या आत पोचायचं ठरलं होतं. पण वाटेत भंडाऱ्याला दादासाहेबांचे साडू राहायचे. दोन मिनिटं टेकू म्हणून दादासाहेब आत गेले, तिथे सावजी मटण शिजत होतं. मटणानंतर त्यांना झोप लागली. अध्यक्षांना उठवायचं कसं, ह्या विचारात मी साडूंच्या अंगणात साडेतीनपर्यंत येरझाऱ्या घातल्या. बोरखिंडीच्या अलीकडच्या गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

तर असे आम्ही एक जुलैला सकाळी सात वाजता त्या गेटवर. कुमरे चाळिशीचा, अंगाने काटक, बोलायला सावकाश. मनिराम कुमरे. त्याने आम्हाला चौकीत बसवलं, चुलीवरचा कोरा चहा दिला. दादासाहेबांनी चहाचा घोट घेऊन सरळ मुद्द्याला हात घातला. शिक्क्याची तारखेची चाकं एक घर मागे फिरवायची, बस. त्यात काय जातं.

कुमरेने मान हलवली. नुसती तारखेची गोष्ट नव्हती, त्याने सांगितलं. काल सकाळपासून वाघीण तीन पिल्लं घेऊन गेटाच्या आतल्या नाल्याशी, ऐन रस्त्यावर बसली होती. लहान पिल्लं, दीड-दोन महिन्यांची. म्हणून त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिवसभर गेट बंद ठेवलं, आलेल्या दोन गाड्या परत पाठवल्या, वायरलेसवरून वर कळवलं, आणि रजिस्टरात लिहिलं की तीस जूनला एकही माणूस आत गेला नाही. रजिस्टर त्याने आमच्यापुढे उघडून धरलं. ओळ होती, खाली सही होती, आणि मोसम संपल्याची लाल रेघ ओढलेली होती.

"आता तीस तारखेचा शिक्का दिला तर मी खोटा ठरतो, जी," तो म्हणाला. "दिवाळीत वनपाल म्हणून बढती लागते माझी. एकोणीस वर्षं झाली."

इथे मी जे केलं ते दादासाहेबांनी नाही केलं, मीच केलं. मी छातीवर हात ठेवला. म्हणालो, डॉक्टरांनी मला प्रवास बंद केलाय, हा माझा शेवटचाच. वास्तविक डॉक्टरांनी मला फक्त तळलेलं कमी खा म्हणून सांगितलं होतं.

"ही वही माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही," मी त्याला म्हणालो. "कुणी बघणारसुद्धा नाही. माझ्या मनाच्या समाधानासाठी, बाबा."

कुमरेने माझ्या छातीवरच्या हाताकडे पाहिलं. मग उठला, शिक्का घेतला, नखाने चाक एक घर मागे सारलं, आणि माझ्या वहीवर इतका जपून शिक्का उठवला की चोवीसांत तसा एक नव्हता. दादासाहेबांनी पाकीट काढलं तर त्याने हात जोडले. मला म्हणाला, तब्येतीला जपा. परतीच्या वाटेवर मी ती वही मांडीवर उघडी धरून बसलो होतो, शाई वाळेपर्यंत. नाल्याशी कालची वाघीण अजून होती की नव्हती, हे विचारायचं आम्हाला सुचलंही नाही.

ऑगस्टमध्ये मंडळाचा वार्षिक सोहळा आला. माझं नाव जाहीर झालं होतं, कुकडेबाई काठी टेकत येऊन अभिनंदन करून गेल्या होत्या, आणि अभिनंदन करताना त्यांनी वहीचं पंचविसावं पान जरा जास्तच वेळ पाहिलं होतं. सोहळ्याच्या आदल्या दिवशी हॉलवर गेलो तर माझं ते पान मोठं करून सहा फुटी फ्लेक्सवर छापलेलं. मधोमध शिक्का, त्यात तीस जून, आणि वर माझं नाव वीतभर अक्षरात. दादासाहेबांची कल्पना.

"हे नको होतं," मी म्हणालो.

दादासाहेब म्हणाले, खापेकर, लाजू नका. मी पुन्हा एकदा म्हणालो, नको होतं, पण तेवढ्यात माझी नजर माझ्या नावावर गेली. मी चार पावलं मागे जाऊन ते वाचलं. दाराशी जाऊन वाचलं. रस्त्यावरून दिसतं का तेही पाहून आलो. दिसत होतं. कुमरेला दिलेला शब्द मला आठवत नव्हता असं नाही. तिथून बोरखिंडी दीडशे किलोमीटर आहे, असा विचार मी केला आणि घरी जाऊन जेवलो.

मंडळींनी प्रमुख पाहुणे म्हणून वनखात्यातल्या देवगडे साहेबांना बोलावलं होतं. साहेब कमी बोलणारे. शाल, श्रीफळ, वाघ सगळं यथासांग झालं. गळ्यात हार पडला तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि पहिल्या रांगेत बसलेली कुंदा हसली. मग पोहे खाता खाता साहेब फ्लेक्सपुढे जाऊन उभे राहिले, आणि उभेच राहिले.

"तीस जूनला तुम्ही बोरखिंडीत होतात?" त्यांनी मला विचारलं.

कुकडेबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी म्हणालो, हो.

"आत गेला होतात?"

मी दादासाहेबांकडे पाहिलं. नियमाप्रमाणे आत गेल्याशिवाय शिक्का ग्राह्य नव्हता, आणि साक्षीदार म्हणून सही त्यांची होती. दादासाहेबांनी ताबडतोब बाजू सावरून घेतली, आयुष्यभर ठेकेदारांच्या बिलांवरचे आक्षेप सावरले तशी. म्हणाले, म्हणजे काय साहेब, मस्त सफारी झाली.

"काही दिसलं?"

"दिसलं म्हणजे? वाघीण," दादासाहेब म्हणाले. "तीन पिल्लांसह. नाल्याशी, अगदी रस्त्यावर."

देवगडे साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांच्या टेबलावर कुमरेचा कागद आलेला होता. त्या वाघिणीची गोष्ट त्यांना ठाऊक होती, कुमरेला ठाऊक होती, आणि ज्याने ती डोळ्यांनी पाहिली त्यालाच ठाऊक असणार होती. गेट बंद म्हणून वर कळवायचं आणि मागच्या दाराने बड्या लोकांना तान्ह्या पिल्लांपुढे नेऊन उभं करायचं, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. बोलले मात्र काही नाहीत. मला नमस्कार करून निघून गेले. दादासाहेब मला म्हणाले, बघा, साहेबांवर कशी छाप पडली.

तीन आठवड्यांनी कागद आला. कुमरेची चौकशी लागली होती आणि आम्हा दोघांना साक्षीला बोलावलं होतं. कुंदाला मी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं ठेवून माझ्याकडे वळली.

"जाऊन खरं सांगा," ती म्हणाली. "काय जाणार आहे तुमचं?"

माझं जे जाणार होतं ते तिच्यामागे फ्रिजवर उभं होतं, शेपटी वर करून.

साक्षीच्या दिवशी कुमरे देवगडे साहेबांच्या दालनाबाहेर बाकावर बसला होता. धुतलेला, इस्त्रीचा गणवेश. मला पाहून उठून उभा राहिला आणि त्याने आधी माझी तब्येत विचारली. एवढ्या लांब आलात, डॉक्टर रागावले नाहीत ना, म्हणाला. मी म्हणालो, बरं आहे आता. तो म्हणाला, घरी बायको सारखी विचारते, काय होईल म्हणून.

"मी तिला सांगितलं, ते साहेब आजारी आहेत, पण येतील," कुमरे म्हणाला. "ते आले की काही भ्यायचं नाही."

आत आम्हा तिघांना एकत्रच बसवलं. म्हणजे दादासाहेबांना आणि मला बसवलं, कुमरे उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, आणि त्याने जसं घडलं तसं सांगितलं. हे लोक एक तारखेला आले. मी चाक मागे फिरवून शिक्का दिला, ती माझी चूक. आत कोणीही गेलं नाही. वाघिणीचं मीच चहा पिताना बोललो होतो. तो सावकाश, एकेक वाक्य खाली ठेवत बोलला. साहेबांनी दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेबांना घाम फुटला होता, पण साक्षीदाराची सही मोठी चीज. त्यांनी सांगितलं, की तीस तारखेलाच गेलो, मी जे लिहितो त्यावर सही करतो आणि सही करतो ते लिहितो.

मग साहेब माझ्याकडे वळले.

"खापेकर, तुम्ही कचेरीत अधीक्षक होतात. तुमच्या शब्दावर मी जाणार आहे. कोणती तारीख?"

मला खरं सांगायचं होतं. घरून तेच ठरवून निघालो होतो, देवाशपथ. पण खरं सांगितलं, की शिक्का रद्द, फलकावरचं नाव खरवडणार, आणि कुकडेबाई सगळ्या धरमपेठेत काठी टेकत ते सांगत फिरणार. शेजारी कुमरे उभा होता. तो माझ्याकडे अगदी निश्चिंत चेहऱ्याने पाहत होता. आणि माझ्या तोंडून छत्तीस वर्षांच्या सवयीचं वाक्य बाहेर पडलं.

"नक्की स्मरत नाही," मी म्हणालो. "वहीत जी नोंद आहे तीच ग्राह्य धरावी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. कुमरेने मान खाली घातली. बाहेर आल्यावर तो टोपी हातात घेऊन जिना उतरून गेला. मी मुद्दाम मागे रेंगाळलो, त्याच्या बरोबरीने उतरायला नको म्हणून.

कुमरे निलंबित झाला. दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी पोहे आटोपल्यावर कुकडेबाई उठल्या आणि त्यांनी नियमावलीतलं कलम नऊ वाचून दाखवलं. कधीकाळी कुठल्याशा कचेरीतला कारकून पोस्टाने शिक्के पाठवायचा, तेव्हा मंडळाने ते कलम घातलं होतं. ज्या शिक्क्यापायी कर्मचाऱ्यावर कारवाई झाली तो शिक्का ग्राह्य धरू नये. बाई म्हणाल्या, माझा व्यक्तिशः काही आकस नाही. ठराव मताला टाकला. दादासाहेबांनी सर्वांत आधी हात वर केला. एकमत व्हावं अशी मंडळाची प्रथा होती, म्हणून शेवटी मीही केला. शाल राहू द्या म्हणाले, वाघ तेवढा परत आणून द्या.

वाघ परत दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी देवगडे साहेबांकडे गेलो. तारीख, चहा, वाघीण, डॉक्टर, सगळं तीन पानांत लिहून नेलं होतं, खाली सही ठोकून. साहेबांनी ते सावकाश वाचलं. म्हणाले, निलंबन मागे घेता येईल, तारीख फिरवल्याची ताकीद तेवढी राहील. बढतीची यादी मात्र दिवाळीपूर्वीच निघाली. कुमरेच्या जागी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेला एकजण वनपाल झालाय, आणि आता कुमरेने त्याच्या हाताखाली काम करायचं. पुढची यादी कधी निघेल सांगता येत नाही.



"खापेकर, हे सगळं तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं," साहेब म्हणाले. "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

मी कारण शोधलं. जन्मभर कारणं लिहून दिलेला माणूस मी, पण त्या खुर्चीत मला एकच सापडलं, आणि ते खरं होतं.

"त्या दिवशी मी वनमुद्राभूषण होतो, साहेब," मी म्हणालो.